मास्तरीणबाईंची बरणी

बाजारात कैरी दिसली की मला काबूल आठवतं. हसू नका. लोकांना कैरी बघून शाळेची सुट्टी आठवते, मीठ-तिखट लावलेली फोड आठवते, तोंडाला पाणी सुटतं. मला काबूल आठवतं. मी ते शहर पाहिलेलं नाही. माझी धाव पनवेलहून मस्जिद बंदरापर्यंत, तीसुद्धा शेठच्या मालासाठी. पण चैत्र सरत आला, आपटा गावच्या बाया पाट्या घेऊन एस.टी.तून उतरायला लागल्या, देठाच्या चिकाचा वास रस्त्यावर आला, की माझं डोकं आपोआप तिकडे जातं आणि दिवसभर परत येत नाही.

परवा सून पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. "बाबा, कैऱ्या आणायच्या ना यंदा? की..." पुढचं तिनं गिळलं. शेजारच्या आजींनी तिच्या कानात घातलंय की माणूस गेलेल्या घरात वर्ष होईपर्यंत लोणचं घालू नये. मी म्हणालो, "ती गेली. आपण जेवायचे थांबलोय का? आण." पोरीचं तोंड उतरलं. मला असंच बोलता येतं. हिरा, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "तुमच्या जिभेला हिंग लागलाय. त्यातून गोड काय निघनारच नाय."

जिभेचं माहीत नाही, हाताला मात्र लागला होता. सगळी उमर हिंग मळण्यात गेली. कोणाला किंमत नसली की लोक म्हणतात, त्याला कोणी हिंग लावून विचारत नाही. मला तर डोक्यापासून पायापर्यंत हिंग लागलेला, तरी कोणी विचारलं नाही. शेठचा कारखाना म्हणजे बाजारामागची एक लांबट खोली आणि मागे अंगण. कच्चा हिंग कातडी पिशव्यांतून यायचा. ओला, पिवळट, दिसायला काही नाही, पण पिशवीची शिवण उसवली की डोळ्यांतून धारा. तो तसाच जिभेवर ठेवला तर जीभ पोळते. म्हणून डिंकाचं पाणी आणि मैदा घालून तो मळायचा, वाळवायचा, कुटायचा. मग तुमच्या डबीत येतो. एस.टी.त माझ्या शेजारी कोणी बसत नसे. दोघांच्या बाकावर मी एकटा, राजासारखा.

लग्न झालं तेव्हा हिरा नाकाला पदर लावून झोपायची. पुढे कधीतरी पदर सुटला. मी विचारलं, आता वास येत नाही का? म्हणाली, "येतो की. पन आता तो हिंगाचा नाय वाटत. तुमचा वाटतो." काम सोडून दोनेक वर्षं झाली, वास गेला. ती गेल्यावर एकदा दोन्ही हात नाकाशी धरून बघितले. साबणाचा वास आला.

असो. काबूलचं सांगत होतो.

कच्चा माल काबूलकडून यायचा आणि दर वर्षी होळीच्या सुमारास मालासोबत त्या व्यापाऱ्याचा कारकून यायचा, नसीरभाई. पठाण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे धिप्पाड माणूस, पागोटं, मोठा आवाज येईल. हा माणूस किडकिडीत, जाड चष्म्याचा, पोटाचा कायमचा आजारी. भर उन्हाळ्यातही शर्टाची वरची गुंडी लावणारा. हिंदी सिनेमे बघून शिकलेला, त्यामुळे हिशोब विचारला तरी हीरोसारखा बोलायचा. शेठ माल तोलताना नसीरभाई म्हणायचा, "शेठजी, मेरी आँखों में देखकर कहिए, ये काँटा सच बोल रहा है?" आम्ही मळणारे हसून हसून पीठ सांडायचो. हसनभाईच्या मिरच्यांच्या दुकानावरची खोली त्याला भाड्याने असायची. महिना-दीड महिना राहायचा, वसुली करायचा आणि कैरी संपायच्या आत परत.

त्याला वरणभाताशिवाय काही सोसत नसे, म्हणून दुपारी आमच्याकडे जेवायला यायचा. पहिल्याच वर्षी हिराने विचारलं, "भाऊजी, तुमच्या हितं सगल्यात हिंगच घालत असतील, नाय?"

नसीरभाईने घास थांबवला. "हमारे यहाँ हींग कोई नहीं खाता, भाभी."

"म्हंजे?"

"सिर्फ़ बेचते हैं. मेरी बीवी तो उसकी पोटली घर में नहीं आने देती. खाते तो आप लोग हैं."

हिरा माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजे पिकवनारे शहाने नि खानारे आमी येडे?" मग तीच इतकी हसली की ठसका लागला. त्या दिवसापासून ती त्याच्या बायकोबद्दल विचारायला लागली. बायको तिकडे मुलींच्या शाळेत शिकवायची. दोन मुली होत्या. नाव त्याने सांगितलं असेल, पण हिराच्या तोंडात ते बसलं नाही. ती म्हणायची, मास्तरीणबाई. जशी काही तिच्या माहेरच्या, आपट्याच्या शाळेतलीच. "मास्तरीनबाईंचा खोकला बरा हाय का? मास्तरीनबाई पोरींना मारतात का?" एकमेकींना कधी न बघितलेल्या दोन बायकांची ही ओळख एका अशक्त माणसाच्या पोटातून झालेली.

आणि मग ते वर्ष. रशियावाले तिथून आधीच निघून गेले होते, त्यांनी बसवलेलं सरकार मागे तग धरून होतं. चैत्रात ते पडलं. शेठच्या रेडिओवर आम्ही ऐकलं की तिथला मुख्य माणूस पळायला निघाला आणि त्याला विमानतळाच्या रस्त्यावरूनच माघारी फिरवलं. डोंगरातले बंदूकवाले शहरात शिरले. नसीरभाई तेव्हा पोत्यावर बसून पावत्या लावत होता. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

शेठने विचारलं, "आता माल महाग होणार की स्वस्त?" शेठ वाईट माणूस नव्हता. त्याला जे विचारता येत होतं ते त्याने विचारलं.

बातमी ऐकून हसनभाई दुकान टाकून धावत आला. तो इराकच्या लढाईत कुवेतहून एका पिशवीनिशी परत आलेला, त्यामुळे लढाईतलं आपल्यालाच कळतं असं त्याचं मत. त्याने नसीरभाईला मिठी मारली. "अरे मियाँ, रडतोस काय? मुबारक बोल! एवढ्या मोठ्या रशियाला पळवलं त्यांनी. आता तुमचंच राज. आपले लोक, आपला दीन. चार महिन्यांत बघ कसं अमन होतंय."

नसीरभाई हळू म्हणाला, "हसनभाई, वो पहाड़ में लड़ना जानते हैं. पहाड़ को सिर्फ़ रोटी और गोली चाहिए. शहर को नल चाहिए, तनख़्वाह चाहिए, स्कूल की घंटी चाहिए. घंटी कौन बजाएगा?"

"वाजवतील रे कोणीतरी!"

"कौन? सात तंज़ीमें हैं, सात अलग पार्टियाँ. हर एक कहेगी, घंटी मेरी है."

शेठने रेडिओ बारीक केला आणि म्हणाला, "नवं राज्य आहे, नसीरभाई. जरा मुरू द्या."

हे शेठचं मुरू द्या मी घरी येऊन हिराला सांगितलं. ती ओट्यावर कैऱ्या पुसत होती. एक एक कैरी फडक्याने अशी पुसायची की जणू पोराचं तोंड. ती म्हणाली, "मुरायला ठेवलेल्या बरनीत दहा जन ओला हात घालतील तर काय मुरंल? बुरशी येल." आणि पुढची कैरी घेतली.

मी चौथी शिकलेला माणूस. राज्य कसं चालतं ते मला कळत नाही. तेव्हाही कळत नव्हतं. पण पुढची सगळी वर्षं रेडिओवर तिकडची बातमी लागली की मला तेच दिसायचं. एक बरणी, आणि भोवती माणसं. प्रत्येक जण म्हणतो ही माझी. प्रत्येक जण झाकण काढून आत बघतो की मुरलं का. हात प्रत्येकाचा ओला. कोणाचा कसला, कोणाचा कसला.

स्टँडजवळ फोनचा बूथ होता. काचेची खोली, पिवळी अक्षरं. नसीरभाई रोज तिथे जाऊन बसायला लागला. बूथवाला नंबर फिरवायचा, कानाला लावायचा, मान हलवायचा. लाइन नाही. मग कोणी नाशिकला बोलायचा, कोणी दुबईला, हा बाकावर बसलेला. मी काम सुटलं की त्याच्याशेजारी जाऊन बसायचो. मी म्हणायचो, लागेल. तो म्हणायचा, लगेगा. वसुलीला आलेला माणूस, पण त्या दिवसांत व्यापाऱ्यांनी आपण होऊन पैसे आणून दिले तरी तो मोजायचा नाही, खिशात कोंबायचा. सगळ्या बाजाराला त्याचं कळलेलं. पानवाला विचारायचा, फळवाला विचारायचा, "लागला का हो काबूल?" जणू एस.टी. लागायची आहे.

काय सांगणार त्याला? हसनभाई म्हणायचा, जाऊ नकोस, थांब, मी कुवेतला घाई केली असती तर मेलो असतो. शेठ म्हणायचा, बायको-मुलींना दिल्लीला बोलावून घे. बोलावून घ्यायला फोन तर लागला पाहिजे. मी त्याच्यासाठी चहा सांगायचो.

एक दिवस लागला. बूथवाला ओरडला, "काबूल! काबूल!" रस्त्यावरची माणसं थांबली. नसीरभाई काचेच्या आत ओरडून बोलत होता. आम्हाला त्याची भाषा कुठे येते? मी नुसतं तोंड बघत होतो. मध्येच तो हसला. मग कपाळ काचेला टेकवून उभा राहिला आणि नुसता ऐकत राहिला. बाहेर आला तर शर्ट पाठीला चिकटलेला.

"ठीक हैं," तो म्हणाला. "गली के आगे एक का झंडा है, पीछे दूसरे का. बीच में हमारा घर. आगे वाले चाय माँगते हैं, पीछे वाले पूछते हैं, उनको चाय क्यों दी."

"आणि शाळा?" मी विचारलं. हिराने विचारायला सांगितलं होतं.

"जाती है. कहती है थोड़ी लड़कियाँ आती हैं. जब तक एक भी आएगी, जाऊँगी." मग तो चिडला, माझ्यावरच. "पागल औरत है, तात्या! पागल!"

त्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला तेव्हा हिरा लोणचं भरत होती. आमच्या घरचं मोठ्या बरणीत, आणि शेजारी एक छोटी बरणी. छोटीत तिने सगळं घातलं, मोहरीची डाळ, मेथी, हळद, तिखट, मीठ. फक्त हिंग नाही. शेजारणी दुपारपासून हसत होत्या, हिंगवाल्याच्या घरात बिनहिंगाचं लोणचं! हिराने कोणाला जुमानलं नाही. "मास्तरीनबाईंना चालत नाय," एवढंच म्हणाली. बरणीच्या तोंडाला तिने धुतलेल्या पातळाचा दादरा बांधला आणि वर दोऱ्याची घट्ट गाठ. ती गाठ हाताने सुटत नसे, दातांनीच सोडावी लागे.

नसीरभाई उभ्यानेच म्हणाला, "भाभी, परसों जाता हूँ. दिल्ली से आगे कोई रास्ता मिल जाएगा."

हिरा उठली, बरणी उचलली, आणि परत खाली ठेवली. "अवो, पन हे तर आजच भरलंय. कच्चं हाय. मुरलं नाय. असं नेलं नि पोरींनी खाल्लं, तर पोट धरंल त्यांचं. पंधरा दिस थांबा ना भाऊजी. पंधरा दिसांत मस्त मुरतं."

आता बघा. तिकडे शहर जळतंय, इकडे ही बाई माणसाला लोणच्यासाठी थांबवतेय. मी तिच्यावर ओरडणार होतो. पण नसीरभाई खाली बसला आणि बरणीवर हात ठेवून म्हणाला, "अगले मौसम ले जाऊँगा. तब तक आप सँभालिए." सिनेमातलं वाक्य वाटलं मला. ते त्याने सिनेमासारखं म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला एस.टी.त बसवून दिलं. हसनभाईने खजुराची पिशवी दिली, शेठने हिशोब मिटवला, मी गाडीच्या दारापर्यंत सामान नेलं. तो गेला तो गेलाच.

पुढच्या होळीला माल आला, पण दुसऱ्या रस्त्याने, दुसऱ्या हातांनी. तिसऱ्या वर्षी आला तो आणखी कोणाकडून. विचारलं तर सांगायचे, तो व्यापारी आता नाही, तो बाजार जळाला, नसीर नावाचे पुष्कळ आहेत. हिंग तोच. तसाच डोळ्यांतून पाणी काढणारा. मला कळेना, ज्या गावात माणूस टिकत नाही, तिथून हिंग कसा बाहेर येतो? पण येत होता. विकणारे कोणत्याही राज्यात विकतात.

हसनभाईने मुबारक म्हणणं सोडलं. नसीरभाई गेला त्याच वर्षीच्या थंडीत आपल्याकडे मुंबई पेटली, पनवेलातही बाजार बंद, आणि हसनभाई कुवेतहून आणलेली तीच पिशवी भरून दाराशी बसला होता. हिरा त्याच्या घरी भाकऱ्या घेऊन गेली. मला म्हणाली, "बसा थोडा वेल त्यांच्यापाशी." मी बसलो. बूथच्या बाकावर बसायचो तसा. तो म्हणाला, "तात्या, नसीर बरोबर बोलत होता रे. घंटी कोण वाजवणार?" आमच्याकडचं थोड्या दिवसांत निवलं. दुकानं उघडली. तिकडचं निवेना.

छोटी बरणी राहिली. हिराने तिचा नियम केला. दर वर्षी कैरी आली की मास्तरीणबाईंची बरणी नवी भरायची. आदल्या वर्षीचं मुरलेलं आम्ही खायचं. म्हणजे वर्षाकाठी काही महिने हा हिंगवाला बिनहिंगाचं लोणचं खायचा. मी कुरकुर केली की म्हणायची, "पाव्हन्याचं उरलंय ते. गप खा." मी एकदा रागाने बोललो, "अगं, ती जिवंत तरी आहे का?" तिने माझ्या ताटात आणखी एक फोड वाढली.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात तिने शेवटची बरणी भरली. दिवाळीच्या आधी आजार कळला. त्याच सुमारास रेडिओवर आलं की काबूल पुन्हा पडलं. आधीच्या भांडणाऱ्यांना हुसकून नवेच लोक आले होते. त्यांच्या नावाचा अर्थ म्हणे विद्यार्थी असा होतो. त्यांनी सांगितलं, बायकांनी कामाला बाहेर पडायचं नाही, मुलींच्या शाळा बंद.

हिरा खाटेवर पडून ऐकत होती. म्हणाली, "विद्यार्थी हायत, मंग शाला कशाला बंद केली?"

मी रेडिओ बारीक केला.

"मंग मास्तरीनबाई काय करीत असतील?"

"घरी असतील."

"घरी बसनारी नाय ती," हिरा म्हणाली. इतक्या खात्रीने की जशी कालच भेटून आली.

तिच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून पोराचं लग्न घाईने केलं. सून घरात आली आणि माघात हिरा गेली. दवाखान्यात डॉक्टर मला म्हणाले, आपल्या हातात आता काही नाही. मला एकदम बूथवाला आठवला, कानाचा फोन काढून मान हलवणारा.

नव्या लोकांचं राज्य टिकेल का, असं हल्ली पेपरात येतं. पोरगा वाचून दाखवतो. कोणी लिहितो टिकेल, कारण त्यांनी रस्त्यावरचे लुटारू बंद केले. कोणी लिहितो नाही टिकणार. मी ऐकतो. ह्यांच्या आधीच्यांबद्दलही असंच लिहीत होते. ज्याच्या हातात बंदूक आली तो म्हणतो, आता शांतता. असेल. मला एकच विचारायचं असतं, आणि ते पेपरात येत नाही. त्या गल्लीत सकाळी नळाला पाणी येतं का? आणि एक खोकणारी बाई दार लावून आत मुलींना काही शिकवते का?

सुनेला विकत आणाव्या लागल्या नाहीत, काल कैऱ्या घरीच आल्या. हिराच्या माहेरच्या झाडाच्या, आपट्याहून भाचा ठेवून गेला. सुनेने पुसल्या, बाजारात नेऊन फोडून आणल्या. मोठी बरणी धुतलेली होती. छोटी फडताळात होती, मागच्या उन्हाळ्याची, हिराने बांधलेली. नियमाप्रमाणे ती आता सोडायची. बरणी एकच, मागचं काढल्याशिवाय नवं भरता येत नाही.

मी ती घेऊन अंगणात बसलो. दादरा तिच्या निळ्या पातळाचा. गाठ तिची. ती सुटली की तिच्या हातचं घरात काही बांधलेलं उरणार नव्हतं. न सोडावी तर मास्तरीणबाईंची वाट बघणं संपलं. सून दोनदा येऊन बघून गेली. नखांनी सुटेना, आणि समोरचे दात मला आता नाहीत, दाढेने ओढून सोडली.

बुरशीचा ठिपका नव्हता. फोडी मऊ झालेल्या, साल शाबूत. मुरलेलं. मी एक फोड खाल्ली. हिंग नाही. मीठ बरोबर.

बरणी धुतली आणि उन्हात पालथी घातली. दुपारभर तिच्याजवळ बसून राहिलो. दादरा धुवून दोरीवर टाकला. आज सकाळी सुनेने दोन्ही बरण्या शेजारी मांडल्या. मोठीत सगळं कालवून झालं. तिने हिंगाची डबी उघडली आणि छोटीकडे हात नेला. मी हात आडवा घातला.

"ह्यात नको. त्या हिंग खात नाहीत."

"कोण, बाबा?"

"सांगतो," मी म्हणालो. "आधी हात कोरडा कर."